शिकायचं कुठं? शिक्षक, अंगणवाडी सेविका, समुपदेशक, घरी माणूस सांभाळणारे: गोव्यातल्यांसाठी धागा

रानवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, धाग्यावर प्रशिक्षणांचा विषय निघाला आणि बालरथ बिचारा मागेच राहिला. म्हणून हा वेगळा धागा.

मी सत्तरी तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "तास भरले?" काय शिकलीस, त्यातलं वर्गात काय उतरलं, हे कुणी विचारत नाही.

इथे फक्त शिक्षकांनीच लिहावं असं नाही. अंगणवाडीतलं मूल पुढे माझ्याकडे येतं, बोलायला उशीर होत असेल तर विशेष शिक्षिकेकडे जातं, आणि घरी आजी अंथरुणाला खिळलेली असेल तर त्याच्या आईचा अर्धा जीव तिकडे. आपण वेगवेगळ्या खात्यांची माणसं खरी, पण मूल तेच आणि वेळेची मारामारही तीच.

अट एकच: स्वतः वापरलेलं किंवा जवळून पाहिलेलं लिहा. लिंकांची जंत्री नको, ती मलाही करता येते.

सुरुवात माझ्यापासून. 'दीक्षा' हे शिकण्या-शिकवण्याचं सरकारी ॲप 2017 पासून आहे, फुकट आहे आणि मराठीत भरपूर आहे. 'निष्ठा' हा सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम, ते 2019 मध्ये समोरासमोरच्या प्रशिक्षणाने सुरू झालं, 2020 च्या ऑक्टोबरपासून दीक्षावर ऑनलाइन आलं. त्यातलं 3.0 म्हणजे पूर्वप्राथमिक ते पाचवीच्या पायाभूत साक्षरतेचं. शेवटच्या चाचणीत 70 टक्के पडले की प्रमाणपत्र. व्हिडिओ म्यूट करून शेजारी भात लावणाऱ्यांची नावं मी सांगणार नाही.

पण त्यातलं भाषाशिक्षणाचं मॉड्यूल खरोखर ऐकण्यासारखं आहे. माझ्या वर्गात घरी कोकणी बोलणारी मुलं आहेत, कानडी आहेत, हिंदी आहेत. शाळा मराठी. मॉड्यूलमध्ये म्हटलंय की मुलाला गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगू द्या. मी गोष्टीचं एक पान वाचून पुस्तक मिटते आणि विचारते, "आता काय होईल?" उत्तर कुठल्याही भाषेत चालेल. पहिलीतली एक मुलगी गणपतीपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिने कानडीत इतकं लांबलचक उत्तर दिलं की सगळा वर्ग वळून बघायला लागला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, शेजारच्या मुलाने सांगितलं. गोष्ट तिला पक्की कळली होती, फक्त मराठीत सांगता येत नव्हती. इतके दिवस तिच्या नावापुढे "वाचनपूर्व तयारी नाही" असा शेरा होता.

निवृत्त मास्तर

रानवाट बाई, धागा काढलात ते बरें केलंत. एक गोष्ट आधी बोलून घेतो, ती कुठल्याच परिपत्रकात येत नाही. आपल्याकडे एकशिक्षकी शाळा किती आहेत ते सत्तरी, सांगे, काणकोण फिरलेल्याला सांगायला नको. तिथला शिक्षक पर्वरीला प्रशिक्षणाला गेला की शाळेला कुलूप, नाहीतर शेजारच्या शाळेतला एक उसना आणायचा आणि तिथे चार वर्ग एकत्र बसवायचे. म्हणजे शिकवणं सुधारायला म्हणून शिकवणंच बंद.

ऑनलाइनने हे सुटेल म्हणाले. रेंज कुठे येते? शाळेमागच्या काजूच्या झाडाखाली. पावसात तिथेही नाही. व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवायची सोय दीक्षाच्या ॲपमध्ये आहे, ती लोक वापरत नाहीत. म्हापशाला किंवा वाळपईला बाजाराला गेलात की तेवढं करून घ्या.

आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून प्रशिक्षण केंद्रशाळेच्या पातळीवर, शनिवारी शाळा सुटल्यावर मागा. एका दिवशी आठ तास डोक्यात ओतून काही उरत नाही. जेवणानंतरच्या सत्रात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, शिकवायला आलेल्या साधनव्यक्तीलाही.

अबोली

मी अंगणवाडी सेविका. ऐकणाऱ्याला वाटतं आम्ही खिचडी वाटतो. एकात्मिक बाल विकास योजना 1975 ची. इतकी वर्षं आम्ही वजनं केली, गरोदर बायकांच्या घरी गेलो, सर्व्हे केले, आणि 'शिकवणं' हे कायम शेवटी राहिलं.

2023 मध्ये 'पोषण भी पढ़ाई भी' आलं, त्यात सेविकांना तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. 2024 मध्ये दोन आराखडे आले. 3 ते 6 वर्षांसाठी 'आधारशिला', त्यात 48 आठवड्यांची आखणी: सुरुवातीचे 4 रुळण्याचे, मधले 36 शिकण्याचे आणि शेवटचे 8 उजळणीचे. 3 वर्षांखालच्यांसाठी 'नवचेतना', त्यात 36 महिन्यांचं कॅलेंडर आणि 140 कृती. दोन्ही पीडीएफ महिला व बालविकास मंत्रालयाच्या साइटवर फुकट मिळतात.

मला नवचेतना जास्त आवडलं, कारण ते आईसाठी आहे. इतक्या लहान मुलाला मी रोज किती वेळ बघणार? गृहभेटीला गेले की त्या महिन्याच्या दोन कृती मराठीत कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावून येते. खेळणी विकत आणायला लागत नाहीत. करवंट्या, डाव, झाकणं. करवंटीतून करवंटीत चिंचोके ओतायला दिले की मूल अर्धा तास हलत नाही.

तक्रार एकच. फोनवरच्या नोंदींत सकाळ जाते. मूल हाक मारतं आणि मी म्हणते, "राव रे, फोटो अपलोड जातां."

मांडवीकाठ

अबोली ताई, तीन वर्षांखालच्यांना चिंचोके नकोत हां. नाकात घालतात, गिळतात, श्वासनलिकेत अडकला तर भलतंच. मोठा लिंबू द्या, नाहीतर नुसतं पाणी.

मी विशेष शिक्षिका. आमचं गणित वेगळं आहे. 1992च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआय आहे आणि तिच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय आम्हाला काम करता येत नाही. नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे नोकरीत असताना शिकत राहण्याचे, गुण जमवायचे. गुण फक्त परिषदेने मान्य केलेल्या कार्यक्रमांचे धरतात. पैसे भरण्याआधी परिषदेच्या साइटवर तो कार्यक्रम, तारीख आणि संस्था आहे का ते बघा. "दोन वीकएंडमध्ये ऑटिझम थेरपिस्ट व्हा" अशा जाहिराती माझ्या फोनवर रोज येतात. प्रमाणपत्राला सोनेरी किनार असते, तेवढंच.

नियमित शाळेतल्या शिक्षकांना गुण नकोत, पण ज्ञान हवंच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणित जड जाणं, हीही येते. ती वर्गात बसलेली असते आणि तिला 'आळशी' म्हणतात. मुंबईची उम्मीद ही संस्था 2001 पासून बालविकासात काम करते. त्यांची प्रशिक्षणं समाजात काम करणाऱ्यांसाठीही असतात, नुसती डॉक्टरांसाठी नव्हेत. पालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं 'केअरगिव्हर स्किल्स ट्रेनिंग' ऑनलाइन आहे, विकासात मागे पडलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी बनवलेलं. इंग्रजीत आहे, पण शेजारी बसून मराठीत समजावलं तर आईला त्यातलं पुष्कळ करता येतं.

पणजीत 2023 च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हा स्टेजपुढे गर्दी होती. मला मात्र जास्त उपयोग झाला तो साधनांच्या स्टॉलवर तासभर उभं राहून लोकांशी बोलण्याचा. पुढचा असेल तेव्हा शाळेच्या शिक्षकांना घेऊन जा, मुलांना नाचवायला म्हणून नको.

अबोली

मांडवीकाठ ताई, चिंचोके मोठ्या गटाला देते, लिहिताना दोन्ही एकत्र झालं. लिंबाचं चांगलं आहे.

साळावली

मी समुपदेशक, आधी एका संस्थेत, आता शाळांमध्ये. एका शाळेत मंगळवारी, दुसरीत बुधवारी, असं.

सगळे कोर्सांची नावं सांगताहेत म्हणून थोडं वेगळं लिहितो. आपल्या पायाखाली एक मोठं काम झालंय आणि गोव्यातल्याच लोकांना ते माहीत नसतं. 'संगथ' ही संस्था 1996 मध्ये इथे सुरू झाली, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना नैराश्यावर समुपदेशन शिकवलं आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. या 'मानस' प्रयोगाचे निष्कर्ष 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यानंतर 10 आरोग्य केंद्रांत 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम' म्हणून 6 ते 8 भेटींचा उपचार तपासला, तो नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला. घातक प्रमाणात दारू पिणाऱ्यांसाठी असाच दुसरा. दोन्हींच्या पुस्तिका नेटवर फुकट आहेत.

पण मला सांगायचंय ते पुस्तिकेबद्दल नाही. पुस्तिका वाचून कुणी समुपदेशक झालं नाही. संगथचे हे समुपदेशक रुग्णाच्या संमतीने भेट रेकॉर्ड करायचे. मग गट बसायचा, सगळे ती ऐकायचे, आणि प्रत्येक जण एका ठरावीक तक्त्यावर गुण द्यायचा: ऐकून घेतलं का, मधेच सल्ला दिला का, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं ते रुग्णाबरोबर बसून ठरवलं का. नंतर चर्चा. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असायचे, हळूहळू गटानेच गट चालवला. आणि बरोबरीच्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत होते.

आमच्या तिघांच्या गटात आम्ही हेच करतो. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा घाम फुटला. समोरची बाई "घरी कोण ऐकत नाही" म्हणून थांबली आणि मी त्या शांततेत उडी मारून तिला श्वासाचा व्यायाम शिकवायला लागलो. प्रमाणपत्रांची फाईल जाडजूड होती माझी. त्यातल्या एकाही कोर्सात मला काम करताना कुणी पाहिलं नव्हतं.

शिक्षकांना हे का करता येऊ नये?

कुळागर

साळावली सर, ऐकायला छान आहे, पण वर्गात फोन ठेवून रेकॉर्डिंग? मुलांचे आवाज, मुलांची नावं. कुठल्या तरी ग्रुपवर गेलं तर? आमच्या ओळखीत एका शाळेचा व्हिडिओ असाच फिरला आणि त्या पोराला गावात तोंड दाखवायची चोरी झाली. पालकांना विचारल्याशिवाय असलं काही करू नये.

आणि प्रशिक्षणाचं म्हणाल तर पहिलं प्रशिक्षण बालसंरक्षणाचं हवं. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा 2003 चा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो 2012 चा. तरी आजही शिक्षक म्हणतात, "मी मुख्याध्यापकांना सांगितलं, माझं काम झालं." झालेलं नसतं. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे ज्याला माहिती आहे त्यानेच ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यायची. न दिल्यास कलम 21 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर वर्षापर्यंत. हे अंगणवाडीला लागू, शिकवणीला लागू, बालरथाच्या ड्रायव्हरलाही लागू. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर भिंतीवर रंगवलेला असतो, कधी लावायचा ते कुणी शिकवत नाही.

साळावली

कुळागर, रेकॉर्डिंगचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वर्गात फोन नकोच. दुसरी शिक्षिका मागे बसून वहीत लिहू शकते: प्रश्न विचारल्यावर बाई किती वेळ थांबल्या, कुणाला विचारलं, मागच्या बाकावरचं कोण बोललं. एवढंच. मुलाचं नाव लिहायचं नाही, वही शाळेबाहेर न्यायची नाही.

बालसंरक्षणासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' उपक्रम बघा. मुलाशी पहिलं बोलणं कसं करायचं, काय विचारायचं नाही, याचं साहित्य त्यांच्या साइटवर आहे. तेच तेच पुन्हा विचारून मुलाचा जबाब आपणच बिघडवतो, हे शिक्षकांना कळलं तरी पुष्कळ.

माशेलकरीण

मी शिक्षिका नाही, सेविका नाही. सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, मी त्यांना बघते. लिहू का इथे?

दिवेलागणीला त्या पिशवी भरतात आणि "घरा वतां" म्हणतात. घरातच आहात म्हटलं की चिडतात, मला ढकलतात. एजन्सीकडून मुलगी ठेवली होती. 'ट्रेन्ड' म्हणून पाठवली, तिला साधी कूस बदलायला येत नव्हती. मला कुठला कोर्स करायला वेळ होणार? रात्री दोनला जाग असते तेवढीच माझी.

मांडवीकाठ

ताई, लिहा म्हणजे काय, धागा तुमच्यासाठीच आहे.

तुमच्यासारख्यांवर गोव्यातच काम झालंय. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2008 मध्ये छापून आला, 81 कुटुंबांचा. गावातल्याच बायकांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि त्या घरी जाऊन आजाराची माहिती द्यायच्या, वागणं कसं हाताळायचं ते दाखवायच्या, गरज असेल तिथे डॉक्टरांशी गाठ घालून द्यायच्या. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्यामुळे लक्षणीय कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेचं 'आय-सपोर्ट' याच कामासाठी आहे, लहान लहान धड्यांचं, म्हणजे रात्री दोनलाही एक धडा होतो.

पिशवीचं: वाद घालू नका. "चला, मी सोडते" म्हणा, अंगणातून एक फेरी मारून आणा, वाटेत त्यांच्या माहेरचं विचारा. संध्याकाळचे दिवे अंधार पडायच्या आधी लावा. झोपून असतील तेव्हा दर 2 तासांनी कूस बदला. कमरेखाली आडवी चादर घालून दोघींनी ती धरून सरकवा, अंग ओढू नका, कातडी सोलते. आणि अचानक फार गोंधळल्या, ताप नसतानाही, तर लघवीची तपासणी करून घ्या.

मदतीला बाई ठेवताना 'होम हेल्थ एड' किंवा 'जनरल ड्युटी असिस्टंट' हा कोर्स केलाय का विचारा, आणि नेमणुकीआधी तिला तुमच्यासमोर कूस बदलून दाखवायला सांगा.

निवृत्त मास्तर

माशेलकरीण, बायकोचं आजारपण मी तीन वर्षं काढलं. रात्र वाटून घ्यायला घरातल्या पुरुषांना सांगा. सांगितल्याशिवाय आम्हाला दिसत नाही.

केगदी

थोडक्यात भर घालतो. 'स्वयम्' ही सरकारी ऑनलाइन कोर्सांची साइट 2017 पासून आहे, शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेचे पैसे. सरकारी नोकरीत असाल तर 'आयगॉट कर्मयोगी' ही ऑनलाइन प्रशिक्षणाची साइट आहे, त्यावर कार्यालयीन विषय जास्त. जुने गोवेच्या सार्वजनिक प्रशासन आणि ग्रामीण विकास संस्थेतही सरकारी कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं होतात. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्र गोव्यातच आहे, त्यांचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा बालवाडीच्या शिक्षिकांना चांगला. सीबीएसई शाळेतल्यांनी हे लक्षात ठेवा: 50 पैकी 25 तास मंडळाच्या किंवा सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणाचे, 25 शाळेतल्या शाळेत. ते आतले 25 तास म्हणजे मुख्याध्यापकांचं भाषण होऊ देऊ नका.

मराठीत वाचायला: पुण्याचं 'पालकनीती' मासिक 1987 पासून निघतं, जुने अंक नेटवर आहेत. पालघरच्या सोनाळ्याची 'क्वेस्ट' संस्था अंगणवाडी आणि प्राथमिक शिक्षकांसाठी मराठीत साहित्य काढते, वर्गातले व्हिडिओ बघाच. 'स्टोरीवीव्हर' या मुलांच्या गोष्टींच्या साइटवर गोष्टी मराठीत आहेत आणि कोकणीतही, म्हणजे रानवाट बाईंना एकच गोष्ट दोन भाषांत मिळेल.

कुळागर

केगदी, क्वेस्टच्या व्हिडिओतली मुलं मराठी घरातली असतात. आमच्याकडे जमत नाही ते नेमकं तिथेच.

केगदी

सगळी नसतात हो. पालघरात वारली, कातकरी मुलं आहेत, त्यांच्याही घरी शाळेची मराठी नाही. म्हणून तर सांगतोय.

रानवाट (धागाकर्ती)

कुळागर, मलाही आधी तुमच्यासारखंच वाटायचं. वारली मुलांसोबतचं काम बघून मत बदललं.

साळावली सरांचा प्रश्न डोक्यात राहिला. 50 तासांपैकी मला काम करताना कुणी पाहिलं असे तास किती? शून्य. तपासणीला येतात ते पटावरची हजेरी आणि टाचण वही बघतात. तेव्हा वाळपईत गट करूया. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. फोनचं रेकॉर्डिंग नाही. प्रत्येकाने एका तासाचं वहीतलं टिपण आणायचं, दुसऱ्याने बसून लिहिलेलं. अंगणवाडीच्या सेविका हव्यातच, पहिलीत येणारी मुलं त्यांच्याकडूनच येतात. एकशिक्षकी शाळेतल्यांना मागे बसायला कोण मिळणार, हा प्रश्न उरतोच. त्यांच्यासाठी काय करायचं ते मास्तरांनी सुचवावं.

निवृत्त मास्तर

मी बसतो मागे. निवृत्त माणसांना दुसरं काम काय? आमच्यातले अजून चार-पाच जण तयार होतील. फक्त भागशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर उद्या पालक विचारतील हा म्हातारा कोण.

अबोली

मी येईन. मुख्यसेविकांना विचारावं लागेल. शनिवारी आमच्या मासिक बैठकीशी गाठ पडली नाही म्हणजे मिळवली.

माशेलकरीण

मांडवीकाठ ताई, काल अंगणात फेरी मारून आणली. पिशवी स्वतःच खाली ठेवली. बागेतल्या माडांची नावं सांगत होत्या, सगळी. मला एक विचारायचंय, आय-सपोर्ट फोनवर चालतं का की कॉम्प्युटर लागतो?

मांडवीकाठ

फोनवर चालतं. पहिला धडा आजाराची ओळख करून देतो, तो तुम्हाला ठाऊक आहे, सोडून द्या. वागण्यातल्या बदलांचा भाग आधी उघडा. इंग्रजी अडलं तर इथेच टाका, रात्री मीही जागीच असते.

केगदी

काणकोण-सांगेवाल्यांना वाळपई लांब पडते. कुडचड्याला दुसरा गट कोण काढणार? मी जागा बघतो, पण मला शिकवण्यातलं काही कळत नाही, चहा देईन.